शेरा

झाग्रेबहून मला पाठवलं ते एका प्रश्नाचं उत्तर आणायला:
पुन्ता अरेनासची वकिलात ठेवावी की नाही.
चार विमानं बदलली. शेवटच्या खिडकीतून
समुद्रधुनी दिसली, पत्र्याची लाल-पिवळी छपरं,
आणि एकाच बाजूला झुकून वाढलेली झाडं,
कुणीतरी हाक मारून विसरून गेल्यासारखी.

दोन खोल्या. खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान.
वर्षभराचं टपाल बुटांच्या एका खोक्यात मावलेलं.
येल्का कारकून, चौतीस वर्षं इथेच,
तिने वह्या आधीच काढून ठेवल्या होत्या,
शाळेत तपासणीला ठेवतात तशा, कव्हरं घालून.
पासपोर्ट एकोणीस. जन्मनोंदी सहा.
एक खलाशी, मारामारीत दात पडलेला, घरी धाडला.
झेंडे तीन, कारण इथला वारा
चार महिन्यांत एक झेंडा खातो.
हा खर्च मी लाल पेनाने अधोरेखित केला.

उत्तर सोपं होतं. विमानातच लिहून टाकलं असतं,
पण भत्ता तीन दिवसांचा मंजूर होता.

दुसऱ्या दिवशी फिलोमेना व्रसालोविच आल्या.
वय अठ्ठ्याऐंशी, पायात मुलाचे बूट.
नवऱ्याने स्प्लितच्या गोदीत अकरा वर्षं घण मारले,
त्या घणांची पेन्शन अजून येते, तुटपुंजी,
आणि तिच्यासाठी दरसाल हयातीचा दाखला लागतो.
वकिलात गेली तर दाखला सान्तियागोला,
दोन हजार किलोमीटर वर.
जिवंत आहोत हे सांगायला जाता जाता
माणूस सहज मरेल एवढं अंतर.
हे मी म्हटलं नाही. येल्का म्हणाली, फायलीमागून.

फिलोमेनांची भाषा बेटावरची,
शंभर वर्षं मिठात मुरलेल्या मासळीसारखी.
निम्मी मला कळेना. माझी ऐकून त्यांना हसू येई.
शेवटी विचारलंच, विचारायची पद्धत नसताना:
बंद केली तर?

"करा की," म्हणाल्या.
"माझा बाप आला तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या कागदावर.
सम्राट गेला. मग एका राजाचा शिक्का आला, तो गेला.
मग लाल ताऱ्याचा. तोही गेला,
जाताना माझ्या लग्नाची नोंद घेऊन गेला.
देश बंद पडत गेले, पोरा, आम्ही चालूच आहोत.
तुमच्या दोन खोल्यांचं काय घेऊन बसलास!"
मग जरा थांबून,
"फक्त ही खुर्ची कुणाला देणार ते सांग.
हिच्यात बसलं की हीटर बरोब्बर कमरेला लागतो."

मला वाटलं होतं रडतील, विनवतील.
त्याला काय म्हणायचं ते तयार होतं.
याला नव्हतं.

शिक्का मी स्वतः मारला. शाई सुकलेली,
दोनदा दाबावा लागला.
'सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर असून जिवंत आहे.'
बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य
मी कधी नीट वाचलं नव्हतं.
येल्काने कागदावर हलकेच फुंकर घातली.

संध्याकाळी बाहेर पडलो तर वारा सुटलेला.
इथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
चावीवाल्याला विचारलं, दिवसाला किती जण धरतात?
सवय, दुसरं काय.
त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं,
शटर ओढलं, म्हणाला, "वारा असतो तेव्हा सगळेच."
तेवढ्यात माझी टोपी गेली. मीही धरला.

अहवालाचा शेवटचा रकाना, 'शेरा'.
'बंद करावी' असं मी त्यात लिहिलंय, पेन्सिलीने.
आकडे खरे आहेत. त्यांना मी हात लावणार नाही.
पण वाऱ्यामुळे विमान उद्यावर गेलंय,
आणि हॉटेलात खोडरबर मागितलं
तर काउंटरवरची मुलगी म्हणते,
आता नाही मिळणार. सकाळी बघू, दुकानं उघडली की.